दुर्गे सर आणि सहा पांढरी लुगडी

मला मदत केली ती दुर्गे सरांनी. काय झालं ते पुढे येईलच, पण आधी नाव. सरांचंच वळण आहे ते. कोणी काही सांगायला गेलं की ते म्हणायचे, "पह्यले सांग कोण, मंग सांग काय."

आमचं गाव चामोर्शीच्या बाजूचं. धानाच्या बांध्या, एक मोठा तलाव आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, आमचा बौद्ध टोला, आमची वस्ती. दुर्गे सर त्याच टोल्यातले, गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचे आणि स्काउटचं पथक चालवायचे. पथकं इतर शाळांतही होती, पण ती दोरीच्या गाठी आणि तंबू शिकायची. आमचं पथक हवाई होतं. आकाशी रंगाचे शर्ट, आणि अभ्यासाला वारा, ढग, होकायंत्र, नकाशा, बांबूच्या कामट्यांची विमानं. ज्या गावात दिवसातून तीन बस येत, तिथे हवाई पथक कशाला, असं सगळेच विचारत. सरांना मात्र उत्तर देण्याआधी एक काम करावं लागायचं. ते खाली वाकून चिमूटभर माती उचलत, छातीपाशी धरून सोडत आणि ती कुठे जाते ते बघत. मग बोलत. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या दारात, मयतीलासुद्धा मी त्यांना असं करताना पाहिलं आहे.

"सर, काऊन असं करता जी?" मी पाचवीत असताना विचारलं होतं.

"आपण कुठीबी उभं राह्यलो, तरी वारा आपल्याले सांगून नाई येत," ते म्हणाले. "तेच्यासाठी आपणच त्याले विचारत राहाव."

सर स्वतः कधी विमानात बसले नव्हते. त्यांच्या घरात लाकडी कपाटावर थर्माकोलचा एक मळकट डबा होता, त्याला फुग्याच्या रबराची चिंधी लटकलेली. सर आठ वर्षांचे असताना तो त्यांच्या बापाच्या बांधीत आभाळातून पडला होता. माणसं बॉम्ब समजून पळाली. एकटे सर दिवसभर बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहिले आणि संध्याकाळी जाऊन उचलून आणला. हवामान खात्याने नागपूरकडून सोडलेल्या फुग्याचा तो डबा होता, हे त्यांना मॅट्रिकला गेल्यावर कळलं. "पण तवापासून एकच गोष्ट मनात हाय," ते म्हणायचे. "हा डबा वरून आला. येताना त्यानं आपलं गाव पाह्यलं असन. कसं दिसलं असन?"

त्यांच्या तोंडी सारखा एक प्रश्न असायचा. मुलांना तो पाठ होता आणि पोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची. कोणी म्हणालं, "सर, वाघ पाह्यला," की सर विचारणार, "दिसला का वाटला?" कोणी म्हणालं, "सर, विमान गेलं," की, "दिसलं का वाटलं?" नुसता आवाज ऐकला असेल तर वहीत "आवाज" लिहायचं, "विमान" नाही. आमची प्रत्येकाची एक वही होती. त्यात आधी लिहायचं, मग तोंड उघडायचं. बोलून झाल्यावर लिहिलं की माणूस बोललेलंच लिहितो, पाहिलेलं नाही, असं सरांचं म्हणणं.

सरांच्या बायकोला आम्ही बाई म्हणायचो. त्या चुलीपाशी बसून म्हणत, "तुमच्या सराले घरातलं मीठ संपलेलं नाई दिसत, पण आभाळातलं विमान दिसते." सर निमूटपणे ते वहीत लिहायचे. "मीठ संपलं. दिसलं नाही."

मी नववीत होते तेव्हा शाळा सुटली. जानेवारीत माय मिरची तोडायला तेलंगणात गेली आणि मला सोबत घेऊन गेली. आमच्याकडची बरीच घरं जातात. एप्रिलात परत आलो तोवर परीक्षा होऊन गेली होती. जूनमध्ये शाळेत जायचं म्हणजे पुन्हा नववीतच बसायचं. मागच्या बाकावर, लहान पोरींसोबत. रोज उद्या जाते म्हणता म्हणता ऑगस्ट आला आणि मी गेलेच नाही. तशी मी पहिल्यापासून भित्री. दाराला कडी लावली की नाही हे तीनदा बघणारी.

शाळा सुटली म्हणजे पथकही सुटलं, असं मी धरून चालले. आकाशी शर्ट धुऊन, घडी करून सरांच्या घरी द्यायला गेले. सरांनी घडीकडे बघितलं.

"हे काय?"

"शाळेत नाई जात न जी मी आता."

"शाळेचं पोट्टं नाई त वाऱ्याचंबी नाई काय?"

त्यांनी आतून नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं. शाळेबाहेरच्या मुलांसाठी वेगळं पथक काढता येतं असं त्यात एका पानावर होतं, ते पान त्यांनी दुमडूनच ठेवलं होतं. म्हणजे मी येण्याआधीच त्यांनी शोधलं होतं. शाळा सुटलेल्या आम्ही पाच जणांचं पथक सरांनी पाळीवरच्या पिंपळाखाली सुरू केलं. त्यात पोरी गाइड आणि पोरं स्काउट, असे दोन प्रकार असायला हवेत म्हणे. सर म्हणाले, "कागदावर ठेवू दोन. वरून पाह्यलं त सगळे ठिपकेच."

त्या पावसाळ्यानंतर सरांनी दोन्ही पथकांना एक काम दिलं. पाखराला आपलं गाव कसं दिसत असेल, त्याचा नकाशा काढायचा. अट एकच, झाडावर, टाकीवर, कशावर चढायचं नाही. चालायचं, पावलं मोजायची, होकायंत्र धरायचं आणि मनाने वर जायचं. शाळेतल्या मुलांना रविवारच मिळायचा. माझ्याकडे वेळच वेळ होता. धान कापणीला जाताना मी पावलं मोजायचे, येताना मोजायचे. तलावाचा काठ मी चार वेळा मोजला, कारण दरवेळी वेगळा यायचा. रोशन नावाचा एक पोरगा होता पथकात, तो ओरडायचा, "पटवारीण आली रे! सातबारा काढून ठेवा!"

माझा नकाशा सर्वांत चांगला आला. सरांनी तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने चष्मा सारखा केला आणि तलावाच्या काठावरून सावकाश बोट फिरवलं. त्या हिवाळ्यात चंद्रपूरकडच्या एका धावपट्टीवर हवाई स्काउटांचा तीन दिवसांचा मेळावा होता. तिथे विमान चालवायला शिकवणाऱ्या एका मॅडम येणार होत्या आणि पथकागणिक एका मुलाला त्या छोट्या विमानात बसवून वर नेणार होत्या. आमच्यातून माझं नाव गेलं.

सर स्वतः मेळाव्याला आले नाहीत. याचं मला तेव्हा फार नवल वाटलं. जन्मभर ज्या गोष्टीची वाट पाहिली, ती साठ-सत्तर किलोमीटरवर आली असताना हा माणूस गावात का थांबला? कारण त्यांना प्रयोग करायचा होता. त्यांनी त्या वैमानिक मॅडमना पत्र लिहून, सोबत नकाशा जोडून विनंती केली होती, की एका फेरीत वैनगंगेच्या अलीकडे आमच्या तलावावरून एक घिरटी घालावी. मॅडमनी हो म्हटलं. त्या वेळी सर पाळीखालच्या मैदानात जमिनीवर एक मोठी खूण मांडणार होते. हरवलेली माणसं वरच्या विमानाला दाखवायला मांडतात तशी. बाण, फुली, दोन रेघा, चौकोन, यांपैकी कोणतीही. कोणती ते मला सांगणार नव्हते. मी वरून बघायचं, कागदावर लिहायचं आणि कागद त्यांच्या हातात द्यायचा.

"फोन नाई करायचा," त्यांनी बजावलं. "फोनवर माणूस समोरच्याच्या आवाजावरून उत्तर बनवते. मले कागद पाह्यजे."

खूण मांडायला पांढरं कापड हवं होतं, मोठं आणि एकसारखं. ते आमच्या टोल्यात घरोघरी होतं. बुद्धजयंतीला आणि धम्मचक्र दिनाला बाया पांढरी लुगडी नेसतात. वर्षातले तेवढेच दिवस ती पेटीबाहेर येतात. सरांनी सहा मागितली. पहिलं मायनं दिलं. "माही पोरगी वरतं राह्यन त माहं लुगडं खालतं पाह्यजे," असं म्हणून.

शाळेतल्या एका शिक्षिकेने आम्हाला मेळाव्याला नेलं. विमान माझ्या कल्पनेपेक्षा फार लहान निघालं. दार आमच्या कपाटाच्या दारासारखं पातळ. पुढे मॅडम आणि एक शिकाऊ मुलगा, मागे मी एकटी. गुडघ्याला दोरीने पॅड बांधलेलं, पेन्सिल पॅडला बांधलेली. मॅडम मागे वळून म्हणाल्या, "तुझ्या सरांचा नकाशा इतका नीट आहे, की रस्ता चुकायची सोयच नाही." विमान पळायला लागलं. चाकांचा खडखड आवाज एकदम थांबला, माझं पोट खाली राहिलं आणि मी वर गेले. डोळे आपोआप मिटले.

आता उघडते, असं मी मनात म्हणाले. वीस मोजून उघडते. शंभर मोजून उघडते. पावलं मोजायची सवय होती, म्हणून मोजत राहिले. किती मोजलं ते आठवत नाही. मग मॅडम ओरडल्या, "आलं बघ तुझं गाव! डावीकडे, खाली!" विमान डाव्या अंगावर कललं. मी सगळी त्या बाजूला ओढली गेले. मी डोळे इतके घट्ट आवळले, की आत लाल-पिवळे ठिपके दिसायला लागले. विमान सरळ झालं आणि परत वळलं. जमिनीवर चाक टेकल्यावर मी डोळे उघडले. पॅड कोरं होतं.

तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी तो कागद भरला. "पांढरा बाण. टोक शाळेकडे. तलाव निळा. पाळीवर माणसं लहान." बाण लिहिला, कारण सरांना बाण आवडायचा. बाकीचं माझ्याच नकाशातून घेतलं.

गावात बस थांबली तर अर्धा टोला रस्त्यावर. माय सगळ्यांत पुढे. "काय वं प्रज्ञा, माहं लुगडं दिसलं काय?"

"दिसलं," मी म्हणाले.

"पह्यले कागद," सर म्हणाले. त्यांनी कागद वाचला. खाली वाकले, माती उचलली, सोडली. माती सरळ खाली पडली, वारा नव्हताच. मग लोकांना म्हणाले, "रिपोर्ट मले तपासू द्या. पोरगी थकून आली, तिले घरी जाऊ द्या."

रात्रीच्या जेवणाला माय सांगत होती आणि थांबत नव्हती. विमान आलं त्या दिवशी सकाळी वारा सुटला होता. लुगडी उडायला लागली. सर म्हणाले, कडांवर दगड ठेवा. पण बुद्धजयंतीच्या लुगड्यावर चिखलाचा दगड कोण ठेवू देणार? बायांनी साफ नकार दिला. मग त्या स्वतःच कडांवर बसल्या. सहा लुगडी, बारा बाया, तासभर उन्हात, माना वर करून. "अशी फुली केली होती," मायनं ताटातल्या भातावर बोटाने दाखवलं. "मी या टोकावर. विमान आमच्या डोक्यावर आलं न, तिरपं झालं. मी उठून दोन्ही हात केले. तुले दिसली न मी?"

मी मान हलवली. फुली होती. मी बाण लिहिला होता.

सकाळी सरांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून कामट्या तासत होते. माझा कागद त्यांच्या शेजारी, वरती दगड ठेवलेला. आता पथकातून नाव जाणार, टोल्यात कळणार, बारा बायांच्या समोरून मला रोज पाणी भरायला जावं लागणार. मला एवढंच दिसत होतं.

सरांनी वर बघितलं. "दिसलं का वाटलं?"

शेकडो वेळा ऐकलेला प्रश्न. पण त्याला खोटं उत्तर द्यायची मला सवयच नव्हती.

"नाई दिसलं जी. डोळे मिटले होते. सुरवातीपासून शेवटपर्यंत."

सर उठले. मला वाटलं आता रागावतात. ते आत जाऊन नवी वही आणि पेन घेऊन आले आणि माझ्या समोर मांडी घालून बसले. कागद घेतला, मधोमध फाडला, चुलीकडे बाईंना दिला.

"हा रिपोर्ट नाई. म्हणून प्रयोग बिघडला नाई, झालाच नाई. जो झाला नाई तो परत करता येते." आणि मग डोळे बारीक करून, पुढे झुकून त्यांनी विचारलं, "आता सांग. डोळे मिटले होते त आयकू काय आलं?"

मला आधी कळेचना.

"अवं, डोळे उघडे ठेवून वर गेलेले लय हायत. त्याईचं लिहून हाय. मिटून कोण गेलं? चाक सुटलं तवा आवाज कसा झाला? थंडी आधी कुठी लागली, पायाले का कानाले? विमान तिरपं झालं ते पोटाले कळलं का डोक्याले? वास कायचा आला?"

मी सांगत गेले. चाकांची खडखड बंद झाल्यावर जी शांतता आली ती. थंडी घोट्यांना लागली ते. तलावाच्या जवळ आल्यावर विमानाला दोन बारीक धक्के बसले, बैलगाडी बांधावरून उतरते तसे. तिथे सरांचं पेन थांबलं.

"तलावावर धक्के? पाण्यावर हवा निराळी असते म्हणून वाचलं होतं. बाई, आयकलं काय? हिले आपला तलाव बसल्या जागी कळला!"

बाई आतून म्हणाल्या, "आयकलं. पोरीले चहा देऊ द्या आता."

टोल्यातल्या लोकांना सरांनी सांगितलं, की खुणेचा निकाल लागला नाही, परत करावं लागेल. मायचं काय करू, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ते माह्या वहीत येत नाई. तुले जमन तवा सांग." मला दोन वर्षं लागली. मिरचीच्या शेतात, तोंडाला फडकं बांधलेलं असताना सांगितलं. माय हातातली मिरची तशीच धरून माझ्याकडे वळली. "मंग मी कोणाले हात केले वं?" आणि एवढी हसली, की मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि नंतर तासभर डोळे धूत बसली. ती किती हसली आणि किती रडली, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

त्याच वर्षी मी हैदराबादला आले. विमानतळावर विमानं आतून साफ करणाऱ्या बायकांत जागा होती. माझ्याकडे गुणपत्रिका नव्हती. सरांनी स्वतःच्या अक्षरात एक दाखला लिहून दिला होता. त्यात लिहिलं होतं : "ही मुलगी पावलांनी गाव मोजते. मोजणी जुळली नाही तर पुन्हा मोजते. विचारल्यावर खरं सांगते." कामावर घेणाऱ्या माणसाला मराठी कुठून येणार? त्याने मलाच वाचून, हिंदीत सांगायला लावलं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. "विचारल्यावर", हा शब्द मी गाळला नाही. तो हसला आणि उद्यापासून ये म्हणाला.

आता रोज विमानात जाते. वीस मिनिटांत सगळ्या खिडक्यांचे पडदे वर करते, काचा पुसते, पट्टे जुळवून सीटवर ठेवते. मग उतरते. भीती गेलेली नाही. दार बंद होण्याआधी मी बाहेर आहे ना, हे बघून घेते. खोली भाड्याची, बोली परकी. कधी रविवारी वाटतं, आपण इथे कशाला आलो. पण सकाळचं बनारसला जाणारं विमान बरोबर आमच्या गावावरून जातं, असं सरांनी नकाशावर पट्टी ठेवून काढलं आहे. ते त्याला "सारनाथची बस" म्हणतात. ते सुटलं की मी आमच्या आरामाच्या खोलीतून सरांना मिस्ड कॉल देते. सर पाळीवर जाऊन उभे राहतात. संध्याकाळी फोन येतो.

"आज तीन मिनिट लेट. समोरून वारा असन. तुह्याकडं कुठून हाय?"

मी खाली वाकते. इथे सगळीकडे फरशी. कुंडीतली माती घेऊन सोडते आणि सांगते.

अलीकडे सरांना कमी दिसतं. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिला आहे. विमान आता ते आवाजावरून पकडतात. परवा म्हणाले, "तुह्या त्या मिटल्या डोळ्याच्या रिपोर्टवरच चालून राह्यलं माहं." मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. ते निवृत्त झाले, पथक आता दुसरे सर चालवतात. प्रयोग मात्र झालाच नाही म्हणून वहीत उघडा आहे. मध्यंतरी त्यांनी हिशेब घातला, की सारनाथच्या बसइतक्या उंचीवरून सहा लुगड्यांचं काही खरं नाही, शंभर तरी पाहिजेत. टोल्यात विचारलंही. माय म्हणते, बाया तयार आहेत, दगड ठेवणार नसाल तर.

तर दुर्गे सर, हे मी आधी लिहिते आहे, बोलणार मागाहून. एक दिवस मी त्या विमानात झाडू न घेता चढेन. खिडकीजवळ बसेन. कोणती खूण मांडली ते तुम्ही सांगू नका, मायलाही सांगू देऊ नका. आपलं गाव येईपर्यंतची पस्तीस मिनिटं मोजेन आणि डोळे उघडे ठेवेन. मग जे दिसेल तेच कागदावर लिहून तुमच्या हातात आणून देईन. आणि ढग असले, उंची जास्त झाली, काहीच दिसलं नाही, तर "काही दिसलं नाही" असं लिहून आणेन.